सिल्लेवानीच्या घाटातून इटलीला

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या गजानन कळंबे गुरुजींनी समुद्र पाहिला नव्हता. आता यात हसण्यासारखं काही नाही. सौंसरहून समुद्र कुठल्या कुठे, आणि गुरुजींची धाव फार तर नागपूरपर्यंत. तीही संत्र्याच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून. माल उतरवायचा, हिशेब घ्यायचा आणि दिवे लागायच्या आत घरी. पण वर्गात भरती-ओहोटी शिकवायला लागला की हा माणूस असे काही हात हलवायचा, की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घ्यायची.

धाकटा भाऊ अरविंद मात्र समुद्राच्या काठीच नोकरीला होता. इटलीत जिनोआ नावाचं बंदर आहे, तिथं जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याला शिकवलं ते गजाननने. वडील गेले तेव्हा गजाननचं नागपूरला एम.ए.ला जायचं ठरलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. संत्र्याचा बगीचा सांभाळला, आईला सांभाळलं, भावाला वाटेला लावलं. कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवत नाही म्हणजे माणूस विसरतो, असं कुठं असतं?

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशीत, संक्रांतीच्या सुमारास अरविंदचा फोन आला. फोन यायचा तो भैय्याजींच्या अडतीवर. भैय्याजी कापसाचे व्यापारी, गल्लीत फोन त्यांच्याकडेच. महिन्यातून एका शनिवारी दुपारी अरविंद लावायचा, आणि गजानन तिथं गादीवर बसून वाट पाहायचा. आई सहसा जायची नाही. तिला त्या यंत्रात बोलायला अवघड वाटायचं.

"दादा, जूनमध्ये मले सुट्टी हाय," अरविंद म्हणाला. "समुद्राच्या काठी एक घर घेतलं भाड्यानं, लेव्हांतो म्हणून गाव हाय. आईले पाठव. पोरगी चालाले लागली, अजून आजीनं तिचं तोंड पाह्यलं नाही. मुंबईहून माह्या साहेबांची बायको इकडं येऊन राहिली, तिच्याच सोबत आईले बसवून दे. एक तिकीट मी काढतो. इथं अगदी सोपं हाय. स्टेशन घराजवळ, जिकडं जायचं तिकडं रेल्वे. आईले झेपेल असं रोजचं फिरणं तूच बसव. तुह्यासारखं दुसऱ्या कोणाले जमणार नाही."

मागोमाग त्यानं नकाशे आणि गाड्यांच्या वेळा छापलेली पुस्तिका पाठवली. गजाननचं काय विचारता! संध्याकाळी शाळेतून आला की हातपायही न धुता ओसरीवर खडू घेऊन बसायचा. फरशीवर त्यानं इटलीचा सगळा पश्चिम किनारा काढला. जिनोआ, लेव्हांतो, पुढे डोंगराच्या कडेला चिकटलेली पाच गावं, खाली पिसा. देवकाबाई, म्हणजे गजाननची आई, झाडताना तेवढी जागा सोडून झाडायची. "अरविंदाचं गाव हाय," म्हणायची, "त्याच्यावर खराटा कसा फिरवू?"

पहिला बेत त्यानं खरोखर आईसाठीच बसवला होता, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याला भलतंच समजाल. एक दिवस फिरणं, एक दिवस आराम. सकाळची गाडी, कारण दुपारी ऊन. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करून, समुद्र दिसेल अशी खिडकी. ती रेल्वे डोंगर पोखरून जाते. बोगदा संपला की समुद्र, समुद्र संपला की पुन्हा बोगदा. पिसाला एका दिवसात जाऊन यायचं, पण जेवण बरोबर न्यायचं, कारण आईला बाहेरचं चालत नाही. लेव्हांतोच्या स्टेशनवर सामान कोण उचलेल, इथपर्यंत त्यानं विचार केला.

पण रोज रोज ती गाडी मनात चालवता चालवता एक भानगड झाली. खिडकीशी आई दिसेना. खिडकीशी गजानन स्वतःच बसलेला दिसायला लागला. बोगदा संपायचा, समुद्र यायचा, आणि बघणारा तोच. एका रविवारी त्यानं फरशी ओल्या फडक्यानं पुसली आणि नवा बेत काढला.

देवकाबाईंना गाडी लागायची. हे अख्ख्या सौंसरला ठाऊक होतं. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट आहे, त्याच्या पलीकडे उमरानाल्याला तिचं माहेर. घाटातल्या वळणांनी तिचे असे हाल व्हायचे, की शेवटी तिनं माहेरी जाणंच सोडलं. भाऊच येऊन भेटून जायचा. आणि गुडघे तर कुरकुरत होतेच.

गजाननच्या नव्या बेतात रेल्वे नव्हती. पहिल्या दिवशी बोटीनं पोर्तोव्हेनेरे गावाला. "मोकळ्या समुद्रातून जावं लागते, आई. बोट हलते." दुसऱ्या दिवशी डोंगरातून बस. "आपला घाट काहीच नाही त्याच्यापुढं." तिसऱ्या दिवशी कोर्निलिया, ते पाच गावांतलं उंचावरचं गाव. "स्टेशन खाली अन् गाव वर. चारशे पायऱ्या हायत, आई."

यातलं खोटं काहीच नव्हतं, हं. बोट खरी, वळणं खरी, पायऱ्याही खऱ्या. खोटं एवढंच, की यातलं काहीही करायची गरज नव्हती. आणि ते बघणाऱ्याला फरशीवर दिसत नव्हतं.

देवकाबाईनं सगळं नीट ऐकलं. सुनंदा, गजाननची बायको, दाराशी तांदूळ निवडत बसली होती, तिनंही ऐकलं. मग देवकाबाई खडूच्या त्या समुद्राकडे बघत म्हणाली, "हे माह्यानं नाही होणार, बापा."

गजाननला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्रभर कसंतरी होत राहिलं.

होळीनंतरच्या फोनवर त्यानं अरविंदला सांगितलं, "आई नाही म्हणते रे. तिच्यानं होत नाही म्हणते."

"तिले फोनवर घे. मी समजावतो."

"ती येत नाही फोनवर. विषय काढला की रडते." हे मात्र निव्वळ खोटं होतं. आई त्या वेळी घरी शेवया वाळवत होती.

अरविंद म्हणाला, "मग तूच ये, दादा. घराचे पैसे भरले, तिकिटाचं बोलणं झालं. तू तरी ये."

"अरे, मी कशाले?" गजानन म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, "मी कशाले रे?" तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

घरी त्यानं यातलं काही सांगितलं नाही. पासपोर्ट हातात आला की सांगू, असं ठरवलं. स्वतःची समजूतही घालून ठेवली होती: आई स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाली, मी कुठं तिला अडवलं? पासपोर्टचा अर्ज त्यानं स्वतःचा केला. आईचा केला नाही. आईला वाटत होतं, जानेवारीत बाजारातल्या स्टुडिओत डोक्यावर पदर घेऊन फोटो काढला, तेव्हाच तो झाला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी छिंदवाड्याहून पोलिस चौकशीचं बोलावणं आलं. घरी त्यानं शिक्षण खात्यात काम असल्याचं सांगितलं. तिथलं काम झटपट झालं. साहेबानं विचारलं, "इटली? वहाँ क्या करोगे मास्टरजी?" गजानन म्हणाला, "भाई ने बुलाया है." साहेब हसला, शिक्का मारला. गजानन बाहेर आला आणि दुपारच्या आत परतीच्या बसमध्ये बसला, कारण अरविंदच्या फोनचा शनिवार होता. खिडकीची जागा मिळाली. वारा लागत होता, मन हलकं होतं. काय खोटं सांगायचं, त्या वेळी त्याला आईची आठवणही नव्हती.

घाट सुरू व्हायच्या आधी वरच्या अंगाला चहाची एक टपरी आहे. बस तिथं थांबली. कंडक्टर गुणवंता दार उघडून ओरडला, "या माय, या! आज कसं काय?"

आणि वर चढली ती देवकाबाई. मागून सुनंदा, हातात पाण्याचा तांब्या आणि पिशवी. आईचा चेहरा पिवळा पडला होता, पदराचं टोक ओलं होतं, मुठीत लिंबू. पण डोळे असे चमकत होते, की गजाननला क्षणभर दुसरीच कोणी बाई वाटली.

"अगंबाई, गजानन!" ती म्हणाली. "तू याच बसमध्ये?"

"आई, तू? तू इथं काय करून राहिली?"

उत्तर गुणवंतानं दिलं. त्याच्या पोटात कधी काही राहायचं नाही. "गुरुजी, तुमाले माहीत नाही? होळीच्या आधीपासून माय येऊन राहिली. सौंसरहून बसते, घाट चढून इथवर येते, टपरीवर टेकते अन् आम्ही परत आलो की उतारानं घरी. आधी आधी तर लई हाल झाले. मी म्हटलं, माय, कशाले जीवाले त्रास? तर म्हणते, इटलीले जायचं हाय, तिथं याहून मोठा घाट हाय, सवय करून राहिली."

बसमधली माणसं हसली. वाईट मनानं नाही, कौतुकानंच हसली. एका म्हाताऱ्यानं उठून देवकाबाईला गजाननशेजारची जागा दिली.

ती बसली, आणि गजाननच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायला लागली. एखाद्या पोरीनं पास झाल्याचं सांगावं तसं. "तुले सांगितलं नाही. म्हटलं, जमलं नाही तर उगा हसं होईल. तू त्या दिवशी सांगितलं ना, तवा माह्या तोंडून 'नाही' असं निघालं. पण रात्री वाटलं, पोरगा एवढा दूरून बोलावून राहिला, नात चालाले लागली, अन् मी वळणांले भ्यावं? मग सुनंदाले म्हटलं, चल. आज चढतानी एकदाच झालं रे. एकदाच! अन् पायऱ्यांचं म्हणशील तर पांढुर्ण्याले गेली होती मागं, तवा स्टेशनच्या पुलावर चढून पाह्यलं. चढली मी. बसत बसत चढली, पण चढली."

गजानन सुनंदाकडे बघू शकला नाही. ती उभी होती, दांडा धरून, आणि नवऱ्याला गंमत वाटेल म्हणून हसत होती.

बस घाट उतरायला लागली. वळण आलं की देवकाबाई डोळे मिटायची, लिंबू नाकाशी धरायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. वळण सरलं की डोळे उघडून गजाननकडे बघायची: पाहिलंस ना? प्रत्येक वळणाला. गजाननच्या शर्टाच्या खिशात चौकशीची चिठ्ठी होती. त्याला वाटलं, ही बस इथंच बंद पडावी, नाहीतर आपणच उतरून जंगलात चालू पडावं. लाजेनं माणसाच्या कानाच्या पाळ्या तापतात हे त्यानं पोरांना कान धरून उभं करताना पाहिलं होतं. आता त्याचेच कान जळत होते. सांगून टाक, आत्ता सांगून टाक, असं तो स्वतःला म्हणत होता. पण बसमध्ये माणसं होती. आणि खरं सांगायचं तर, माणसं नसती तरी त्यानं सांगितलं नसतं.

सौंसर आलं. गजानन घाईनं म्हणाला, "तुमी दोघी घरी जा. मी फोन घेऊन येतो."

"मी पण येते," देवकाबाई म्हणाली. "आज मीच सांगते अरविंदाले."

"आई, तू थकली. तुले त्या फोनवर ऐकू येत नाही."

"घाट चढून आली मी, अन् फोनले भिऊ काय?"

तिघं भैय्याजींच्या अडतीवर गेले. भैय्याजींनी उठून आईला गादीवर बसवलं, पाणी दिलं. गजानन उभाच राहिला. फोन येऊ नये म्हणून त्यानं मनातल्या मनात जामसावळीच्या मारुतीला हात जोडले. देवाला असल्या कामाला बोलावल्याचीही त्याला लाज वाटली.

फोन वाजला. भैय्याजींनी उचलला आणि थेट देवकाबाईच्या हातात दिला.

ती ओरडूनच बोलायला लागली, इटली जणू बाजाराच्या पलीकडे आहे. "अरविंदा! मी बोलून राहिली, आई! हो! बरी हाय! अरे, मी येऊन राहिली! मी तयार झाली आता! हो, येते म्हणते! तुह्या बोटीले भीत नाही, तुह्या घाटाले भीत नाही!"

मग ती ऐकू लागली. ऐकता ऐकता मोठ्यानं तेच परत म्हणायची तिची सवय होती. "काय? घाट नाही? ... मग जायचं कशानं? ... रेल्वेनं? दारातून रेल्वे? ... बोटीत बसायचं कामच नाही?" ती हसली. "अरे, मग दादा तर म्हणे..."

ती थांबली. पलीकडून अरविंद काहीतरी बराच वेळ सांगत होता. भैय्याजींनी समोरचा कापसाचा नमुना उचलला आणि उगाच पिंजत बसले. सुनंदानं पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं.

"दादाच्या नावानं?" देवकाबाई म्हणाली, आता हळू. "झालं तिकीट?"

गजानन खाली बघत होता. गादीच्या कडेला सरकीचे दाणे पडले होते, ते त्याला एकेक दिसत होते. आता आई म्हणणार, मी कधी नाही म्हणाली? मी कधी रडली? म्हणू दे, त्याला वाटलं. सगळ्यांसमोर म्हणू दे. निदान सुटका होईल.

देवकाबाईनं पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा पहिल्यासारखी मोठ्यानं बोलायला लागली.

"हो रे, हो! मीच म्हटलं होतं दादाले! विसरली बघ मी. वय झालं आता. मीच म्हटलं, माह्यानं होत नाही, तू जाऊन ये. ... हो, रडली असंन. रडली होती मी. आज उगा गंमत केली तुह्याशी. ... नाही, नाही, दादाच येईल. त्याले नीट सगळं दाखव. ... पोरीले पापा दे माह्याकडून. ठेव आता, पैसे जातात तुहे."

फोन ठेवून ती उठली. भैय्याजींना म्हणाली, "चहा नको, भैय्याजी, पोट ठीक नाही आज." आणि पायऱ्या उतरली. सुनंदानं हात दिला तो धरला.

बाजारातून घरापर्यंतची वाट काही फार नाही. त्या दोघी पुढे, गजानन मागे. ओळखीचे लोक नमस्कार करत होते आणि तो घेत होता. गल्लीच्या तोंडाशी त्याच्यानं राहवलं नाही. तो पुढे झाला, आईच्या समोर आला आणि म्हणाला, "आई, मी जात नाही. मी आजच कळवतो अरविंदले. मी सगळं सांगतो त्याले."

देवकाबाई थांबली. चढउतारानं ती दमली होती, आणि ते आता दिसत होतं. तिनं सुनंदाला म्हटलं, "तू हो पुढं, चूल पेटव." सुनंदा गेली. मग ती मुलाकडे बघत राहिली, रागानं नाही, आणि तेच सोसत नव्हतं.

"तुले समुद्र पाह्यचा होता," ती म्हणाली, "तर म्हणायचं होतं ना, बापा. मी काय नाही म्हटलं असतं?"

गजानन तिच्या वाटेतून बाजूला झाला.

"आता मुकाट्यानं जा," ती म्हणाली. "तू नाही गेला, तर अरविंदा विचारंल काऊन नाही गेला. मग त्याले कळंल तू काय केलं ते. त्याच्या मनातून तू उतरलेला मले नाही चालायचा. माह्या मनातून उतरला तेवढं पुरे."